साठवण टाकीतल्या किरणोत्सारी कचऱ्यात आपोआप साखळी अभिक्रिया सुरू होऊ शकते का?

तुम्ही जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या माडबनच्या शेजारच्या गावातले आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: टाकीच्या तळाशी प्लुटोनियम साचून साखळी अभिक्रिया आपोआप सुरू होईल का, आणि झालीच तर अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही होणार. पहिल्याचं उत्तर 'होऊ शकते' असं आहे, म्हणूनच ती होऊ नये यासाठी माणसं आयुष्यभर काम करतात. मीही त्यांतलाच एक. पुनर्प्रक्रियेच्या, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याच्या, कामातून निवृत्त होऊन आता गुहागरला असतो.

भाताची उडवी रचताना पेंढा ओला राहिला तर ती आतून तापते, हे तुम्ही पाहिलं असेल. तोच पेंढा खळ्यात पसरला की ऊब निघून जाते. न्यूट्रॉनचंही साधारण असंच आहे. एका अणूच्या विखंडनातून, म्हणजे तो फुटल्यावर, दोन-तीन न्यूट्रॉन (अणूच्या गाभ्यातले कण) सुटतात. त्यांतला सरासरी एक जरी पुढचा अणू फोडत राहिला तरी साखळी टिकते, त्याला आम्ही क्रिटिकल झालं म्हणतो. बाकीचे पृष्ठभागातून बाहेर पडायला हवेत किंवा कशाततरी शोषले जायला हवेत. म्हणून प्लुटोनियमचं दाट द्रावण ठेवायची भांडी पोफळीच्या खोडासारखी उंच आणि सडपातळ करतात. तेच द्रावण घंगाळासारख्या रुंद भांड्यात ओतलं तर जीव जाऊ शकतो.

आता पाण्याबद्दल, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाणी ओतलं की विझेल, असं आपल्याला वाटतं. पण पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो आणि मंद न्यूट्रॉन अणू जास्त सहज फोडतो. नुसत्या धातूचा प्लुटोनियमचा गोळा क्रिटिकल व्हायला सुमारे 10 किलो लागतो. पाण्यात योग्य प्रमाणात विरघळलेलं असेल तर अर्धा किलो पुरतं! मात्र फारच पातळ केलं तर पाणीच न्यूट्रॉन खाऊन टाकतं. लिटरमागे साधारण 7 ग्रॅमच्या खाली प्लुटोनियम असेल, तर टाकी कितीही मोठी असली तरी साखळी चालत नाही.

कचऱ्याच्या टाक्या एवढ्या मोठ्या बांधता येतात त्या याच आधारावर. पुनर्प्रक्रियेत 99 टक्क्यांहून जास्त प्लुटोनियम आधीच काढून घेतलेलं असतं, आणि कचऱ्यात सॅमेरियम, गॅडोलिनियम यांसारखे न्यूट्रॉन शोषणारे पदार्थ असतात. अमेरिकेत हॅनफर्डला अशा 177 टाक्या आहेत. तिथला कचरा अल्कधर्मी आहे, त्यामुळे प्लुटोनियम गाळात बसतं. पण ते लोह, मँगनीज यांच्याबरोबरच बसतं आणि हे सोबती न्यूट्रॉन शोषतात.

मग काळजी कुठे? ही सोबत तुटते तिथे. टाकी रिकामी करताना, गाळ ढवळताना, आम्ल घालून तो विरघळवताना, आटवताना. आणि सगळ्यांत फसवं म्हणजे भलत्याच टाकीत आलेलं सॉल्व्हंट, म्हणजे प्लुटोनियम वेगळं काढायला वापरतात तो तेलकट द्रव. 24 ऑगस्ट 1970 ला इंग्लंडमध्ये विंडस्केलला तेच झालं. ती कचऱ्याची टाकी नव्हती, प्लुटोनियम परत मिळवण्याच्या कारखान्यातली होती. खालून जाणाऱ्या द्रावणात प्लुटोनियम थोडंच होतं, पण वर अडकून तरंगणारं सॉल्व्हंट ते ओढून घेत राहिलं. साचलेलं प्लुटोनियम सुमारे 2 किलो निघालं. अभिक्रिया काही सेकंदांत थांबली, कोणी दगावलं नाही. तरी ही घटना मी प्रत्येक नव्या मुलाला सांगत असे, कारण नोंदवहीत सगळे आकडे बरोबर असतानाही हे घडू शकतं.

बॉम्ब होत नाही, कारण द्रव तापतो, बुडबुडे येतात, तो पसरतो आणि साखळी स्वतःच मंदावते. पण जवळच्या माणसाला ते प्राणघातक ठरू शकतं. 1999 मध्ये जपानच्या तोकाईमुराला 2.4 किलोची मर्यादा असलेल्या रुंद टाकीत सुमारे 16 किलो युरेनियम बादल्यांनी ओतलं गेलं. दोन कामगार गेले आणि अभिक्रिया सुमारे 20 तास चालू-मंद होत राहिली. टाकीभोवतीचं थंड करणारं पाणी काढल्यावरच ती आटोक्यात आली.

कचऱ्याच्या टाकीचा सगळ्यांत मोठा स्फोट मात्र साखळी अभिक्रियेचा नव्हता. 1957 मध्ये रशियात मायाकला टाकीची शीतव्यवस्था बंद पडली, किरणोत्साराच्या उष्णतेने क्षार सुकले आणि रासायनिक स्फोट झाला. म्हणून टाकीबद्दल मला कोणी विचारलं तर मी उष्णता आणि गळती यांना आधी स्थान देतो.

तुमच्या भागापुरतं: अशा द्रव कचऱ्याच्या टाक्या पुनर्प्रक्रिया होते तिथे लागतात. कोकणात ते काम तारापूरला होतं, आणि तिथे हा कचरा काचेत गोठवण्याचा कारखानाही आहे. माडबनला नियोजित आहेत त्या अणुभट्ट्या. वापरलेलं इंधन सळ्यांच्या रूपातच आधी पाण्याच्या हौदात ठेवतात, तिथे साखळी रोखण्याचं काम सळ्यांच्या रचनेतलं अंतर आणि न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन करतात.

जनसुनावणी झाली तर 'धोका आहे का' असं विचारू नका, त्याला 'नाही' हे ठरलेलं उत्तर मिळतं. विचारा, की हौदातल्या बोरॉनच्या पट्ट्या झिजल्या आहेत का हे किती वर्षांनी तपासणार, कोण तपासणार, आणि एका वेळी एकच चूक झाली तरी साखळी सुरू होणार नाही हे कोणत्या दोन स्वतंत्र अडथळ्यांमुळे.