ती आईची कोण लागत होती?

प्रश्न : ताई, गोष्ट जुनी आहे पण डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय. आमचे बाबा २०१९ ला गेले. आई तेव्हा फारशी रडलीच नाही, पाहुणे, पंचगंगेवरचं रक्षाविसर्जन, उत्तरकार्य सगळं ताठ उभारून केलं, लोक म्हणायचे बाई लई खंबीर. आणि ६ फेब्रुवारी २०२२, रविवार होता, मी नेहमीसारखं रांगेत उभारून मटण घेऊन आलो तर टीव्हीवर लतादीदी गेल्याची बातमी आणि आई हुंदके देऊन रडत बसलेली. म्हणाली आज काही शिजवायचं नाही. मी वैतागून बोललो, "अगं तुझी ती कोण लागत होती? बाबांच्या वेळी तर..." पुढचं बोललो नाही, पण तिला कळलं. त्यानंतर बाबांचा रेडिओ तिनं कपाटावर टाकला तो आजतागायत. कधी भेटलो नाही अशा माणसासाठी एवढं का रडू येतं? आणि तिला नवीन रेडिओ आणून देऊ का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, रेडिओचं शेवटी बोलू.

भेट नव्हती हे खरं, पण ओळख नव्हती असं कसं म्हणायचं? सकाळी पाणी भरताना, भाकरी थापताना, दुपारी निवडत बसल्यावर, पन्नास-पन्नास वर्षं कानावर तोच आवाज. सख्खी बहीण सासरी गेली की वर्षातनं दोनदा भेटते, हा आवाज रोज घरात. १९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांचं जे नातं जमतं त्यावर लेख लिहिला होता, म्हणजे समोरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटत राहतं, जवळीक वाढत जाते, फक्त ती एका बाजूनंच असते. एका बाजूनं असली म्हणून ती खोटी ठरत नाही, हे मात्र माझं मत.

पण तुमच्या आईचं एवढ्यावर भागत नाही. नवरा गेला त्या दिवसांत घरची बाई मोकळी असते का हो? चहाची पातेली, कोण कुठं झोपणार, कुणाला निरोप गेला कुणाला राहिला, अंथरुणं पुरतात का, त्यात रडायचं कधी? लोक खंबीर म्हणाले आणि मग तिला खंबीरच राहावं लागलं. तीन वर्षांनी त्या रविवारी तिच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. देशात दोन दिवसांचा दुखवटा, शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार सगळ्या चॅनलवर, सगळेच रडत होते, मग तिलाही रडता आलं. त्यातलं लतादीदींसाठी किती आणि बाबांसाठी किती हे तिलाही सांगता येणार नाही, पण बाबा त्यात होते याबद्दल मला शंका नाही, कारण तो आवाज दोघांनी मिळून ऐकलेला होता. गाणी तर यूट्यूबवर आहेतच की, असं लोक म्हणतात. आहेत. पण आपल्या तरुणपणातलं कुणीतरी अजून आहे हा जो आधार असतो तो गेला.

माझं सांगते. १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले तेव्हा मी दिवसभर रडले, घरच्यांना कळेना. माझा भाऊ त्यांची नक्कल करायचा, भाड्यानं व्हीसीआर आणून रात्रभर पिक्चर बघायचो आम्ही. भाऊ त्याच्या आधीच गेला होता.

माणूस गेला की आपल्याकडं लोक मातीला येतात, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, चार दिवस कुणी एकटं सोडत नाही. गायिका गेली म्हणून शेजारचं पिठलं येतं का? उलट कोण लागत होती असं विचारतात. असं ज्याला दुःख म्हणून कुणी मोजतच नाही, त्याबद्दल केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं १९८९ मध्ये लिहिलंय, की ते दुःख माणूस लपवायला लागतो. तुमचा रेडिओ कपाटावर गेला तो असाच.

आणि कोल्हापूरच्या माणसानं तर हा प्रश्न विचारूच नये असं मला वाटतं. लतादीदी गेल्या त्याच वर्षी, २०२२ च्या ६ मे ला, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली आणि सकाळी १० वाजता शंभर सेकंद सगळं गाव जिथल्या तिथं थांबलं. त्यातल्या कितीजणांनी महाराजांना बघितलं होतं? तरी डोळे पुसणारे होतेच ना.

कधी तिची झोप-जेवण आठवड्यामागून आठवडे सुटलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीच्या, नंबरवर बोला.

नवीन रेडिओ नको. कपाटावरचाच खाली काढा, पुसा, सेल बदला, बंद पडला असेल तर दुरुस्तीला टाका. देताना त्या रविवारचं बोलणं मागं घ्या, सरळ म्हणा आई माझं चुकलं. मग विचारा, बाबा कुठलं गाणं लागलं की आवाज वाढवायचे? बोलली तर बसून ऐका, नाही बोलली तरी उठून जाऊ नका, आणि चहा यावेळी तुम्ही टाका.