चोर्ल्याचा चढ आणि जुन्या पिकअपचे ॲव्हरेज

प्रश्न : माझ्याकडे २०११ सालची डिझेल पिकअप आहे. आठवड्यातून तीन वेळा बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात जातो आणि रिकामे क्रेट घेऊन परततो. पूर्वी लिटरला १४ किलोमीटर मिळत असत, आता जेमतेम ११ मिळतात. फिटर पंप आणि नोझल उघडायला सांगतात, पण तो खर्च मोठा आहे. काय करावे?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : पंपाला, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या भागाला, किंवा ते डिझेल फवारणाऱ्या नोझलला इतक्यात हात लावू देऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तेथवर पोहोचण्याआधी तपासण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यांतील बहुतेकांना जॅक, पाना आणि एक मोकळी सकाळ एवढेच लागते.

प्रथम घट खरी आहे की भासते आहे, हे ठरवावे. आपल्या भागातील गाड्या कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांत डिझेल भरतात आणि तिन्हीकडचे दर निराळे असल्यामुळे, रुपयांत ठेवलेला हिशेब हमखास फसवतो. एकाच पेट्रोल पंपावर टाकी फुल करून, नोंद लिटरमध्येच ठेवावी आणि सलग तीन टाक्यांची सरासरी काढावी. मधल्या काळात टायर बदलताना मोठ्या मापाचे बसवले असतील, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि गाडीचा काहीच दोष नसताना ॲव्हरेज उतरलेले दिसते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी २० किलोमीटरपर्यंत मीटर ताडून पाहिल्यास ही शंका फिटते.

घाटाचा वाटाही आधीच वजा करावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, तर घाटाखालचा गोव्यातील साखळीकडचा भाग जवळजवळ समुद्राच्या पातळीला. क्रेटसह एकूण दीड टन वजनाची गाडी एवढ्या उंचीवर चढवायची आणि डिझेलमधील सुमारे ३० टक्के ऊर्जाच इंजिनाच्या कामी येते असे धरले, तर नुसत्या उंचीपोटी साधारण एक लिटर डिझेल लागते. परतीला टनभर माल घेतल्यास तेच पावणेदोन लिटरच्या आसपास जाते. हे डिझेल कोणताही फिटर वाचवू शकत नाही. त्यामुळे पूर्वीचे १४ आणि आताचे ११ हे आकडे एकाच मार्गाचे व सारख्याच वजनाचे आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

मार्ग आणि वजन तेच असूनही घट उरत असेल, तर तपासणीला चाकांपासून सुरुवात करावी. खानापूर तालुक्यातील पावसात चिखल-पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आणि हँडब्रेकची केबल गंजते आणि ब्रेक सोडल्यानंतरही लायनर (ब्रेकचे घर्षण-पट्टे) ड्रमला घासत राहतात. चालकाला हे सहसा कळत नाही, कारण गाडी हळूहळू जड होत गेलेली असते. सपाट जागी, इतर चाकांना अडण लावून, एकेक चाक जॅकवर घ्यावे आणि हाताने फिरवावे. सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न दाबता दहा-बारा किलोमीटर चालवून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेला, तरी धरणारे चाक आपल्या उष्णतेने ओळखू येते. हात प्रत्यक्ष टेकवू मात्र नये. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने मालासह सांगितलेल्या दाबाप्रमाणे भरावी. धावून तापलेल्या टायरमधला वाढलेला दाब पाहून हवा सोडणे चुकीचे आहे.

एअर फिल्टर उन्हाळ्यातील तांबड्या धुळीने लवकर भरतो. जोराची हवा मारून तो पुनःपुन्हा वापरल्यास कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते, म्हणून येथे काटकसर नको.

एक गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, कारण ती फार थोडे लोक तपासतात. माझी जुनी गाडी एकदा तापली, तेव्हा एका गॅरेजमध्ये मला न सांगता थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्यात आला. गाडी तापायची थांबली आणि मी समाधानी झालो, पण पुढे कित्येक महिने इंजिन योग्य उष्णतेला पोहोचतच नव्हते आणि डिझेल जास्त जात होते. तापमानाचा काटा सतत तळाशीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे अवश्य पाहावे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर धुराकडे पाहावे. चढावर दाट काळा धूर येत असल्यास हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. अशा वेळी नोझल काढून यंत्रावर त्यांचा दाब आणि फवारा तपासून घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पंपाची पाळी शेवटी येते आणि तेव्हाही कॅलिब्रेशन (पंपातून जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण जुळवणे) कंपनीच्या आकड्यांनुसारच करून घ्यावे. गाडीचा जोर वाढावा म्हणून पंपातून जाणारे डिझेल वाढवून देण्याची पद्धत सर्रास आहे. तिने चढावर गाडी चपळ वाटते, पण तो दमदारपणा डिझेल ओतूनच आलेला असतो.

प्रश्न : तवंदी घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडल्यास डिझेल वाचते का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वाचत नाही, आणि जिवाला धोका मात्र निश्चित आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि जुन्या पंपातील गव्हर्नरही (इंजिनाच्या वेगानुसार डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल तोडतो. न्यूट्रलवर इंजिनाला चालू राहण्यासाठी डिझेल घ्यावेच लागते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक आहे, कारण ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदतही जाते. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढते, त्याच गिअरमध्ये उतरावी.