सड्यावरची पांढरी फुलं

प्रश्न : आमच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळावर, मृगाचा पाऊस पडला की पांढरी फुलं येतात. पात गवतासारखी, मधून दांडा आणि दांड्यावर एकावर एक चार-पाच फुलं. शेजारी ‘रेन लिली’ म्हणतात. खरं नाव काय? कांदे खणून अंगणात लावले तर जगतील का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : रेन लिली नव्हे. ती मूळची अमेरिकेची, आणि तिच्या एका दांड्याला एकच फूल. तुमच्या वर्णनावरून ही दीपकाडी वाटते, शास्त्रीय नाव ‘डिपकॅडी कोंकानेन्स’. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी १८५० मध्ये तिची नोंद केली, आणि कोकण-गोव्याच्या जांभ्या सड्यांपलीकडे ती आढळत नाही. तुमच्या परसातलं हे वैभव आहे!

खात्रीसाठी फूल न तोडता गुडघे टेकून बाजूने बघा. पाकळ्या सहा, पण खाली जुळून त्यांची लांब नळी झालेली असते. पुंकेसर त्या नळीतच. मधोमध पांढरी वाटी दिसली आणि पुंकेसर तिच्या काठावर उभे असले, तर ती पॅनक्रॅशियम ही दुसरी पांढऱ्या फुलांची कंदवनस्पती. तीही इथलीच, तितकीच जपण्यासारखी.

कांदे मात्र खणू नका, ही कळकळीची विनंती. कातळावरच्या वीतभर मातीत ही वस्ती टिकून असते. चिरेखाणी आणि आंब्याच्या कलमांसाठी फोडलेले सडे यांनी तिची जागा आधीच कमी केली आहे. त्यात आपली कुदळ नको.

बी घ्या. फूल गळल्यावर तिधारी बोंड धरतं. ते वाळून तडकायला लागलं की आत काळ्या, चपट्या चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात. सडा दुसऱ्याचा असेल तर मालकाला विचारा, आणि दोन-चार बोंडांवर थांबा. बाकीचं बी तिथेच पडू दे. पसरट कुंडीत जांभ्याची बारीक खडी, वाळू आणि सड्यावरचीच थोडी माती घाला. शेणखत नको. बी वर पसरून जेमतेम झाकेल इतकीच माती टाका आणि कुंडी उघड्या पावसात ठेवा. पहिल्या वर्षी दोऱ्यासारखी एकच पात येते. गवत समजून उपटू नका. पावसाळा सरला की पात वाळते, पण खाली कांदा जिवंत असतो. तेव्हापासून पुढच्या मृगापर्यंत पाणी पूर्ण बंद. उन्हाळ्यात दया येऊन घातलेल्या पाण्याने कांदा कुजतो. फुलासाठी काही पावसाळे थांबावं लागेल.

यंदा फुललं की नळी दिसेल असा बाजूने काढलेला फोटो पाठवा, नाव पक्कं करू.