भरतनाट्यम् दक्षिणेतलं, मग खानदेशातल्या मुलीनं त्यातून आपली माती, आपले सण कसे दाखवायचे?

तुमची मुलगी चोपड्यात भरतनाट्यम् शिकते आणि घरचे म्हणतात, 'यात आपलं काय?' मी जळगावात बारा वर्षं शिकवते आहे, हा प्रश्न मीही खूप ऐकलाय.

माझं उत्तर मला कपाशीच्या शेतात मिळालं. मुकुल हस्त म्हणजे पाची बोटांची टोकं जुळवलेली कळी, आणि अलपद्म म्हणजे बोटं उलगडून झालेलं पूर्ण कमळ. माझ्या मुली बोटं छान उघडायच्या, पण चेहरे कोरेच. कमळ त्यांनी चित्रातच पाहिलेलं! मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांना आसोद्याकडच्या एका शेतात नेलं. बोंड एकदम फुटत नाही. आधी टोकाला चीर पडते, टरफलं हळूहळू मागे वळतात, मग कापूस बाहेर येतो. वेचणीला आलेल्या एका बाईंनी टरफलाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं दाखवली. पुढच्या क्लासला एका मुलीनं अलपद्म उघडला आणि टोचल्यासारखा हात झटकन मागे घेतला. मी तिला अडवलं नाही.

शास्त्रातही ही मोकळीक आहे. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात २८ असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, आहेत. त्यातला एकटा पताक, म्हणजे बोटं जुळवलेला सरळ पंजा, ढग दाखवतो, वन दाखवतो, नदी आणि रात्रही दाखवतो. नदी कोणती, ते नाचणाऱ्यानं ठरवायचं. यमुनेला हात लाटांसारखा वाहता ठेवतात. मे महिन्यातली गिरणा दाखवायची तर नजर आधी वाळूवरून लांबवर फिरली पाहिजे, पाण्याची धार त्यानंतर.

पदम् म्हणजे अभिनयप्रधान संथ रचना; त्यातली नायिका प्रियकराची वाट बघते. तोच अभिनय शिकवताना मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट बघणारी सासुरवाशीण देते. मुलींना ती लगेच कळते, कारण ती त्यांची आई असते, आत्या असते.

मात्र कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या मिरवणुकीतला नाच मी रंगमंचावर आणत नाही. तो तिच्यापुढे, तिच्याच दिवशी, सगळ्या भाऊबंदांनी मिळून नाचायचा. त्याला तिकीट लावून समोर खुर्च्या मांडणं मला पटत नाही.

'दक्षिणेतलं' म्हणणाऱ्यांना तंजावरची आठवण जरूर द्या. तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या आहेत.

आणि एक करून बघा. नाचाआधी भूमिनमस्कार करतात, तुझ्यावर पाय आपटणार आहे म्हणून जमिनीची क्षमा मागतात. फरशीवर त्याचा अर्थ मुलांपर्यंत पोचत नाही. पहिल्या पावसानंतर मुलीला काळ्या शेतात अनवाणी उभी करा, नमस्कार करू द्या आणि मग तट्टडवू (तळवा जमिनीवर आपटायचा पहिला पदन्यास) घ्यायला सांगा. घरच्यांना बांधावर बसवा.