बदलीचे ठिकाण : प्लेनो की एडिसन?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षे काम करीत असून कंपनीने मला एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, अमेरिकेत पाठवण्याचे ठरवले आहे. टेक्सासमध्ये डॅलसजवळील प्लेनो आणि न्यू जर्सीतील एडिसन यांपैकी एक कार्यालय निवडण्याची मुभा आहे. पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणजे वर्षाला १,२०,००० डॉलर मिळेल. माझे पती औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता विभागात आहेत. ते नोकरी सोडून सोबत येतील. त्यांना गाडी चालवता येत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे आणि दुसऱ्या अपत्याचा विचार आहे. प्लेनोजवळच्या फ्रिस्कोला राहणारी माझी मामेबहीण म्हणते की न्यू जर्सीत दहा टक्के राज्यकर जातो आणि घरे जुनी व महाग आहेत, तेव्हा टेक्सासच बरे. आम्ही कोणते ठिकाण निवडावे?
— एक वाचक, पिंपळे सौदागर, पुणे

उत्तर : तुमच्या मामेबहिणीने सांगितलेल्या गोष्टींपैकी घरांबद्दलची बरीचशी खरी आहे, कराबद्दलची मात्र नाही. टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्यकर नाही, हे निर्विवाद आहे. न्यू जर्सीतील १०.७५ टक्क्यांचा दर मात्र दहा लाख डॉलरच्या पुढील उत्पन्नाला लागू होतो. पतिपत्नीने एकत्र विवरणपत्र भरल्यास तेथे पहिल्या २०,००० डॉलरवर १.४ टक्के, त्यानंतर ५०,००० पर्यंत १.७५, ७०,००० पर्यंत २.४५ आणि ८०,००० पर्यंत ३.५ टक्के असे टप्पे आहेत. ८०,००० ते १,५०,००० या टप्प्यावर ५.५२५ टक्के दर लागतो. तुमचा सगळा पगार करपात्र धरला तरी राज्यकर ३,८५५ डॉलर होतो, म्हणजे महिन्याला सुमारे ३२० डॉलर. ही रक्कम लहान नाही, पण पाच-सात वर्षांचा निर्णय तिच्यावर सोपवावा इतकी मोठीही नाही. केंद्राचा प्राप्तिकर आणि सोशल सिक्युरिटीची कपात दोन्हीकडे सारखीच राहील.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तुमच्या नोकरीत नसून तुमच्या पतींच्या नोकरीत आहे. एल-१ व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. त्यावर तुम्हाला दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. साहजिकच प्लेनोच्या आसपास तुमच्या क्षेत्रातल्या कितीही जागा निघाल्या तरी तूर्तास त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. पतींचे तसे नाही. एल-१ धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या एल-२ व्हिसावरील जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता कोणत्याही कंपनीत काम करता येते. तेव्हा जोडीदाराला काम कोठे मिळेल, हे बघून गाव निवडणे शहाणपणाचे ठरते.

औषधनिर्मितीच्या माणसासाठी मध्य न्यू जर्सीइतका सोयीचा प्रदेश अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी सापडेल. मर्कचे मुख्यालय राहवेला आहे, जॉन्सन अँड जॉन्सनचे न्यू ब्रन्सविकला, ब्रिस्टल मायर्स स्क्विबचे प्रिन्स्टनला. शिवाय त्यांना माल, चाचण्या आणि सेवा पुरवणाऱ्या लहान कंपन्या भोवताली पसरलेल्या आहेत, आणि नवख्या माणसाला पहिली संधी बहुधा अशाच ठिकाणी मिळते. दुसरी जमेची बाजू रेल्वेची. न्यूयॉर्कहून ट्रेंटनला जाणाऱ्या एनजे ट्रान्झिटच्या एकाच मार्गावर राहवे, मेट्रोपार्क, मटचन, एडिसन, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स्टन जंक्शन ही स्थानके आहेत. स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर घर घेतले, तर तुमचे पती गाडी शिकेपर्यंत मुलाखतींना आणि कदाचित कामालाही रेल्वेने जाऊ शकतील. डॅलस परिसरात प्लेनोपर्यंत डार्ट या तेथील सार्वजनिक वाहतूक संस्थेची लोकल गाडी येते, फ्रिस्कोला ती नाही. आणि ती असलेल्या भागातही स्थानकापासून पुढचे अंतर गाडीशिवाय कापणे, विशेषतः उन्हाळ्यात, फार कठीण जाते. तेथे दोघांना दोन गाड्या आणि त्या दोन्हींचा विमा धरूनच अंदाजपत्रक करावे लागेल. न्यू जर्सीत एक गाडी लागेलच, पण दुसरी पुढे ढकलता येईल.

येथे एक बारीकशी पण महत्त्वाची सूचना. अमेरिकेत उतरल्यावर पतींची आय-९४ ही प्रवेशनोंद संकेतस्थळावरून लगेच उतरवून घ्या आणि तिच्यावर ‘एल-२एस’ असा शेरा आहे का ते पाहा. शेवटचे ‘एस’ हे अक्षर जोडीदारासाठी असते आणि नवी कंपनी कामाच्या हक्काचा पुरावा म्हणून तेच बघते. नुसते ‘एल-२’ लिहिले गेले असेल, तर सीमाशुल्क विभागाच्या कार्यालयातून ते दुरुस्त करून घ्यावे लागते. हे काम पहिल्या आठवड्यातच उरका.

दुसऱ्या अपत्याचा विचार असल्याचे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी त्याला कराहून अधिक वजन देईन. केंद्राच्या कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी असते आणि तीही कंपनीत वर्ष पूर्ण झाल्यावर. न्यू जर्सीत राज्याची स्वतःची विमा योजना आहे. पगारातून थोडी कपात होते, आणि त्या बदल्यात बाळंतपणाच्या काळात अशक्ततेचा भत्ता व नंतर बाळाच्या संगोपनासाठी बारा आठवड्यांपर्यंत सरासरी पगाराच्या ८५ टक्के रक्कम, ठरावीक कमाल मर्यादेत, मिळते. तेथे किमान काही आठवडे नोकरी झालेली असल्यास संगोपनाचा भत्ता पतींनाही मिळू शकतो. टेक्सासमध्ये अशी राज्य योजना नाही. शिवाय २०२२ पासून टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी असून मातेच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका एवढाच अपवाद आहे. गर्भात असाध्य व्यंग आढळले तरी कायदा सूट देत नाही. तशी वेळ कोणावर येऊ नये, पण गरोदरपणाचा विचार करणाऱ्या दाम्पत्याने हे आधी माहीत करून घेतलेच पाहिजे.

घरांच्या बाबतीत मात्र तुमच्या बहिणीचे ऐका. प्लेनो-फ्रिस्कोकडे ज्या भाड्यात नवे, ऐसपैस घर मिळते, त्या भाड्यात एडिसनकडे बहुधा जुन्या दुमजली संकुलातले, सामायिक धुलाईयंत्रांचे घर पदरी पडते. एक दिलासा असा, की न्यू जर्सीत अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक घेण्यास कायद्याने मनाई आहे. अमेरिकेत पतइतिहास नसलेल्या नवागतांकडे जादा अनामत मागण्याची रीत असल्याने या कायद्याचा आधार मोठा वाटतो. टेक्सासमध्ये अशी मर्यादा नाही. तळघरातले स्वस्त घर घेऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यू जर्सीत जो पूर आणला, त्यात जीवितहानीही झाली. बर्फाची सवय करावी लागेल, पण डॅलसचा उन्हाळाही सोपा नाही, आणि फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची वीजव्यवस्था कोलमडून लाखो घरे थंडीत अंधारात होती.

मराठी माणसांची उणीव दोन्हीकडे भासणार नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेचे अधिवेशन २०१९ मध्ये डॅलसला आणि २०२२ मध्ये न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीला झाले होते. शाळा, गणपती, दिवाळी अंक सगळे मिळेल. पती सॉफ्टवेअर, बँकिंग किंवा दूरसंचार क्षेत्रात असते आणि गाडी चालवणारे असते, तर मी बिनदिक्कत प्लेनो सुचवले असते. आज आहे त्या परिस्थितीत एडिसन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

होकार देण्यापूर्वी कंपनीकडून काही गोष्टी लेखी घ्या. व्हिसा एल-१ए आहे की एल-१बी, हे आधी विचारा, कारण पहिल्याची कमाल मुदत सात वर्षे आणि दुसऱ्याची पाच. व्यवस्थापकांसाठीच्या पहिल्या प्रकारात ग्रीन कार्डाची एक जवळची वाटही असते. आरोग्यविमा कोणत्या दिवसापासून लागू होईल, त्यात प्रसूतीचा किती खर्च तुम्हाला सोसावा लागेल आणि तात्पुरत्या निवासाचे भाडे कंपनी किती दिवस देईल, हेही विचारा. भाडेकरार मात्र तेथे पोहोचून, मुलीची शाळा कोणत्या पत्त्याला लागू होते ते शिक्षण मंडळाकडून पडताळल्यावरच करा. प्रवेश पत्त्यावरून ठरतो आणि शेजारच्या दोन रस्त्यांच्या शाळाही वेगळ्या असू शकतात.