खान्देशात राहून समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्रण करायचे असल्यास सुट्ट्यांचे नियोजन कसे करावे?

आपण धुळ्यात नोकरी करता, हाताशी शनिवार-रविवार आणि सणांच्या जोडसुट्ट्या एवढाच वेळ असतो, आणि तेवढ्यात समुद्रकिनाऱ्यावर जाऊन निसर्गदृश्ये टिपणे जमेल का, असे आपण विचारले आहे. निश्चित जमेल. मी जळगावचा आहे आणि हा छंद सुट्ट्यांमध्येच जोपासत आलो आहे. अंतराची अडचण रात्रीच्या प्रवासाने दूर होते. मात्र ठिकाण ठरवण्याआधी तिथी ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे धरणाचे किंवा तापीचे पात्र सकाळी दिसते तसेच संध्याकाळी दिसते, त्यामुळे केवळ प्रकाश पाहून निघण्याची सवय आपल्याला लागलेली असते. समुद्राचे तसे नाही. ज्या खडकांसाठी आपण रात्रभर प्रवास केला, ते ऐन सूर्यास्ताला पाण्याखाली असू शकतात. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सुमारे सहा तासांनी, म्हणजे सूर्यास्ताच्या आगेमागे, ओहोटी पूर्ण होते. मी स्वतः पौर्णिमेपेक्षा तिच्यानंतरची द्वितीया किंवा तृतीया पसंत करतो, कारण तेव्हा उधाणाचा जोर टिकून असतो आणि सूर्य मावळताना पाणी अजून मागे हटत असते, त्यामुळे खडकांवर निर्धास्तपणे उभे राहता येते. हा हिशेब केवळ दिनदर्शिका पाहून सुट्टी टाकण्यापुरता आहे. प्रत्यक्ष निघताना त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिलेच पाहिजे.

पहिल्या खेपेसाठी मी हरिहरेश्वर सुचवेन. तेथील प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते आणि डोंगराच्या पायथ्याचा बेसाल्ट लाटांनी झिजून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र झालेला आहे. आपल्या सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरातही बेसाल्टच आहे. तोच दगड खाऱ्या पाण्याने कसा कोरून निघाला आहे, हे खान्देशातल्या माणसाने जवळून पाहावेच. लाट फुटून मागे सरकते तेव्हा त्या प्रत्येक खळग्यातून पाण्याची बारीक धार निथळते. त्या क्षणी शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवले, तर पाण्याच्या रेषा स्पष्ट उमटतात. तीस सेकंदांच्या छायाचित्रात सगळ्याचे धुके होते. पुष्कळांना ते आवडते, मला मात्र त्यात समुद्राचे बळ हरवल्यासारखे वाटते. लाट येताना पाठ फिरवू नये आणि पाणी चढू लागताच वाट सोडावी.

नंदुरबार-नवापूरकडच्या मित्रांना कोकणापेक्षा सुरत जवळ पडते, आणि भुसावळहून जळगाव, अमळनेर, नंदुरबारमार्गे जाणारी रेल्वे आपल्याला थेट त्या बाजूला नेते. मुलताईला उगम पावलेली आपली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशीच समुद्राला मिळते. डुमसचा किनारा काळ्या वाळूचा आहे. सूर्य कललेला असताना ओल्या काळ्या वाळूवर आकाशाचे जे प्रतिबिंब पडते, ते पांढऱ्या वाळूवर मिळत नाही. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, पाणी फार दूर जाते, मागे गाळ उरतो आणि परतताना ते वेगाने येते. शिवाय आखातात आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, म्हणून वर सांगितलेला पाऊणपटीचा हिशेब तेथे लावू नये.

हंगामाविषयी थोडक्यात सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा धुतलेली असते आणि डोंगर अजून हिरवे असतात, तोच काळ उत्तम. जून-जुलैत समुद्र खवळलेला असल्याने खडकांवर जाऊच नये. पण मासेमारी बंद असल्यामुळे किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्या हा त्या दिवसांतला सुंदर विषय आहे. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो आणि जमिनीकडून उगवतो, तेव्हा होड्या आणि माडांवर समोरून पडणारा प्रकाश सकाळी मिळतो. कोळीवाड्यात छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि पाण्याविषयी कोष्टकात नसलेली माहितीही देतात.

साहित्यात भक्कम तिपाई, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आणि भरपूर सुती फडकी एवढे पुरे. वाळूवर तिपाईचे पाय आधीच खोल दाबावेत, अन्यथा प्रत्येक लाटेबरोबर पायाखालची वाळू सरकते आणि छायाचित्र हलते. लेन्सवर बसणारे खारे तुषार कोरड्या फडक्याने घासू नयेत; आधी ओलसर कापडाने टिपावेत. तिपाईचे सांधे मुक्कामीच गोड्या पाण्याने धुवावेत, कारण मीठ घेऊन आलेली तिपाई आठवडाभरात आखडते.

जोडसुट्टी येईपर्यंत सराव घरच्या घरी करता येतो. मुडावदला पांझरा आणि तापीच्या संगमावर, किंवा प्रकाशा येथे घाटावर, वाहत्या पाण्यावर पाव सेकंद, अर्धा सेकंद, दोन सेकंद अशी एकाच चौकटीतली छायाचित्रे घेऊन पडद्यावर शेजारी-शेजारी पाहावीत. फिल्टर लावणे, तिपाई समतल करणे आणि क्षितिज सरळ धरणे एवढे हाताला बसले, की किनाऱ्यावर पोहोचल्यावर सगळे लक्ष लाटांकडे देता येते.