कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी

‘क्लास ऑनलाइन सुरू असतो, पण मुलगी कॅमेरा लावतच नाही. काही लपवत तर नसेल?’ ही शंका घेऊन बऱ्याच आया माझ्याकडे येतात. नागपूरच्या नंदनवन भागातली एक आईही हीच शंका घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरावीत, संध्याकाळी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा क्लास. ‘मॅडम, सरांचे फोन येऊन राहिले. कॅमेरा बंद दिसला की गैरहजेरी लावतात. हिला विचारलं तर रडते. काय करून राहिली आहे, समजतच नाही.’

मुलीशी मी एकटीशी बोलले. लक्ष का नाही, असं विचारण्याऐवजी कागद-पेन पुढे केलं आणि म्हटलं, ‘तुझ्या मोबाइलच्या चौकटीत काय काय दिसतं, ते काढून दाखव.’ तिने आधी स्वतःचं डोकं काढलं. मागे आजीचा पलंग, उजवीकडे न्हाणीघराचं दार, कोपऱ्यात कूलर. मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या आसपास असताना घरातला एकुलता कूलर जिथे, तिथेच सगळं घर. आजी अंथरुणाला खिळलेली. तिला आई पेज भरवत होती, तेव्हा क्लासमधल्या एका मुलाने स्क्रीनशॉट घेतला आणि त्याचा स्टिकर करून ग्रुपवर टाकला. ‘मला हसले असते तर चाललं असतं मॅडम,’ ती म्हणाली, ‘आजीला हसले.’

या मुलीचं अभ्यासात लक्ष होतं. तिच्या वहीत त्या आठवड्यातल्या प्रत्येक तासाच्या नोट्स होत्या. कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, हा हिशेब मला मुळातच मान्य नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक पाहणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. कॅमेरा बंद ठेवण्यामागे आपण कसे दिसतो याची चिंता सगळ्यात जास्त जणांनी सांगितली होती, आणि मागे दिसणारी माणसं आणि जागा हीही कारणं त्यात होती. घर दाखवायचं की नाही, हे घरातल्या माणसांनी ठरवायचं. पलंगावरच्या आजीला तर कोणी विचारलंही नव्हतं.

मग आम्ही बसण्याची जागा बदलली. कपाटाशेजारी भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे चौकटीत फक्त भिंत येते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला. मागचं दृश्य धूसर करण्याची सोय आहे, पण मागे कोणी हललं की ती फसते आणि माणूस क्षणभर स्पष्ट दिसतो, म्हणून तिच्यावर विसंबू नका. स्वतःचा चेहरा सतत समोर दिसल्यानेही थकवा येतो; स्वतःपुरतं ते चित्र लपवता येतं, बाकीच्यांना आपण दिसत राहतो. तिला ही सोय माहीतच नव्हती. त्याच दिवशी तिने ती वापरायला घेतली.

सरांशी आईच्या संमतीने मी बोलले. तेही वैतागले होते, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं: काळ्या चौकोनांपुढे तासभर शिकवताना कोणाला कळलं, कोणाला नाही, काही उमगत नाही. ठरलं असं की हजेरीला आणि शंका विचारताना कॅमेरा सुरू, एरवी चॅटवर उत्तरं द्यायची, आणि हजेरी त्या उत्तरांवर धरायची. तास रेकॉर्ड करायचा असेल तर आधी सांगायचं, आणि ते कोणाला मिळणार, कधी पुसणार, हेही. परवानगीशिवाय स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, हा नियम त्यांनी सगळ्यांसमोर सांगितला.

स्टिकरचं काय? आईला तो लगेच पुसून टाकायचा होता. मी थांबवलं. आधी ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा पुरावा ठेवला, मग अ‍ॅडमिनला काढायला लावला. सर त्या मुलाच्या पालकांशी बोलले. एवढ्यावर भागलं. पण कोणी फोटो अश्लील करून फिरवला, किंवा तो दाखवून धमकावलं, तर घरातच मिटवत बसू नका. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीने मुली पुढच्या वेळी काही सांगतच नाहीत.